चाक आपणच बांधावं का?

रेवसपासून रेडीपर्यंतचा कोकणचा सागरी रस्ता नकाशात समुद्राचा हात धरून सरळ दक्षिणेला जाताना दिसतो. सायकलवर बसलं की तो तसा राहत नाही. खाडी संपली की चढ, चढाच्या माथ्यावर जांभ्याचा उघडा सडा, सड्यावरून घसरगुंडीसारखा उतार, खाली नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडी मागे पडते न पडते तोच पुढची चढण. देशावरून उतरताना लागतो तसा एकच लांबलचक घाट इथे नाही. इथल्या चढणी आखूड, पण उभ्या. पावसाळ्यानंतर निघालं तर भर उतारावर, नेमक्या वळणावर, डांबर वाहून गेलेलं असतं. अशा रस्त्यावर सामानानं लादलेली सायकल नेली की पाय दुखतात, मनगटं भरून येतात, पण सगळ्यांत जास्त मार खातं ते मागचं चाक.

त्या मागच्या चाकासाठीच आम्ही काका-पुतणे या रस्त्याला लागलो होतो. पुढच्या उन्हाळ्यात मनाली ते लेह जायचं ठरत होतं. वाटेत बारालाचा ला, लाचुलुंग ला आणि ५,३२८ मीटर उंचीचा तंगलंग ला. केलाँग सोडलं की लेह येईपर्यंत सायकल दुरुस्तीचं दुकान शोधत बसण्यात अर्थ नाही. त्या प्रवासासाठी नवी चाकं हवीत यावर दोघांचं एकमत होतं. ती तयार विकत घ्यायची, की रिम, हब आणि तारा वेगवेगळ्या आणून आपण स्वतः बांधायची, यावर मात्र पुण्यात चांदणी चौक ओलांडल्यापासून वाद सुरू झाला.

पुतण्या चाकणच्या वाहन उद्योगात इंजिनिअर. त्याचं म्हणणं मुद्देसूद. “काका, कारखान्यात मशीन एका चाकाला जेवढा वेळ देतं, तेवढ्या वेळात तुमचा चष्मासुद्धा सापडणार नाही. आणि सुटे भाग घ्यायला गेलात तर तयार चाकापेक्षा महाग पडतात.” दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. कारखानदार रिम आणि हब घाऊक भावानं घेतो, आपण एकेक नग घेतो. त्यामुळे पैसे वाचवायला म्हणून चाक बांधायला बसू नये, हे मी पौड यायच्या आधीच कबूल करून टाकलं. माझा मुद्दा वेगळा होता. बांधलेलं चाक आणि विकतचं चाक यांत फरक पडतो तो तुटल्यावर. ज्यानं स्वतः तारा भरल्या आहेत, त्याला चाक परत उभं करता येतं.

मुळशीचं पाणी उजव्या हाताला ठेवत आम्ही ताम्हिणी उतरलो. माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर असं करत बागमांडल्याच्या जेटीवर आलो. इथे सावित्रीची खाडी आडवी येते. पलीकडे वेसवी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. फेरीबोट पलीकडून येताना दिसत होती. मोटारींची रांग लागलेली, आम्ही सायकली जेटीच्या कठड्याला लावलेल्या. पुतण्या मागच्या चाकाकडे पाहत म्हणाला, “एक सांगा. माणूस, सायकल आणि सामान मिळून एकशेदहा किलो. दोन मिलिमीटर जाडीच्या तारा हे वजन पेलतात कशा? त्या तर हातानं वाकतात.”

प्रश्न इंजिनिअरनं विचारला होता, म्हणून उत्तर बैलगाडीपासून सुरू केलं. गाडीच्या चाकात लाकडी आरे असतात. भार तुंब्यातून खालच्या आऱ्यावर येतो आणि आरा खांबासारखा उभा राहून तो जमिनीला देतो. सायकलची तार असा दाब सोसूच शकत नाही, ती लगेच वाकेल. म्हणून तिला आधीच ताणून ठेवतात. चांगल्या चाकात एकेका तारेवर शंभर ते एकशेवीस किलोंचा ताण असतो. छत्तीस तारा चहूबाजूंनी रिमला हबकडे खेचत असतात आणि रिम त्या ओढीला पुरून उरते. आपण सायकलवर बसलो की जमिनीला टेकलेल्या भागातल्या दोन-चार तारांचा ताण कमी होतो. बाकीच्या तारांना फारसं काही कळतही नाही. ताण कमी होणं म्हणजेच इथे भार पेलणं. खालची तार ताणातून थोडी सुटते, पण पूर्ण सैल पडत नाही, तोवर चाक ठणठणीत.

ही कल्पना सायकलपेक्षा जुनी आहे. उडत्या यंत्राच्या मागे लागलेल्या जॉर्ज केली या इंग्रजानं १८०८ मध्ये हलक्या चाकासाठी ताणलेल्या दोऱ्यांचा विचार मांडला होता. १८६९ मध्ये पॅरिसच्या यूजेन मेयरनं सायकलच्या तारेच्या चाकाचं पेटंट घेतलं. पण त्या तारा हबमधून सरळ बाहेर येत. पेडल मारलं की हब फिरे आणि रिम मागे राहू पाही. १८७४ मध्ये जेम्स स्टार्लीनं तारा हबच्या कडेला स्पर्शून तिरप्या लावल्या, एकमेकींना छेद देणाऱ्या, आणि पायाचा जोर रिमपर्यंत नीट पोचू लागला. आज गल्लीतल्या पोराच्या सायकलला असतं ते हेच चाक. हे चाक आतून कसं काम करतं याचा सविस्तर हिशोब अमेरिकेतल्या योब्स्ट ब्रँट या इंजिनिअरनं १९८१ मध्ये ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात मांडला. चाक बांधणाऱ्यांच्या टेबलावर ते अजूनही असतं.

बोट लागली. सायकली चढवल्या. पुतण्यानं फोनवर आकडेमोड सुरू केली होती. आमच्या टायरचा परीघ सुमारे २.२ मीटर. म्हणजे किलोमीटरला चाक साडेचारशे वेळा फिरतं आणि प्रत्येक तार साडेचारशे वेळा सैल-ताठ होते. पुण्यापासून तेरेखोलपर्यंत फिरत-फिरत सहाशे किलोमीटर धरले तर पावणेतीन लाखांच्या आसपास. “आणि मागच्या चाकावर दोन तृतीयांश वजन,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “म्हणजे तार वजनानं तुटत नाही. या सैल-ताठ होण्यानं तुटते.” मी मान डोलावली. याच कारणानं ढिली तार ताठ तारेपेक्षा आधी तुटते. ढिली तार दर फेरीला पूर्ण सुटते, हबच्या भोकात तिचं वाकलेलं डोकं हलतं, आणि तिथेच तिला केसाएवढी चीर पडते.

वेसवीहून केळशी, आंजर्ले, हर्णै. इथला वारा खारट. दापोली तालुक्यात एका घरगुती खाणावळीच्या अंगणात सायकली उभ्या होत्या आणि शेजारी घरमालकांच्या मुलाची जुनी सायकल. तिच्या तारा गंजून तांबड्या झालेल्या, तारेचं टोक रिमशी आवळणारे निपल असे धरलेले की पाना फिरवला तर तार पिळवटेल, निपल हलणार नाही. कोकणातला माणूस सायकलला वर्षाकाठी ऑइल पाजतो ते काही उगाच नाही. चाक बांधायचं तर साहित्य निवडायला इथूनच सुरुवात होते. तारा स्टेनलेस स्टीलच्या. निपल पितळी. ॲल्युमिनियमचे निपल हलके असतात, शर्यतीला ठीक, पण खाऱ्या हवेत ते रिमला चिकटतात आणि पाना लावला की कडा झिजतात. निपलचं एकूण वजन ते किती, त्यात काय वाचवायचं!

तारेची जाडीही पाहावी लागते. दोन्ही टोकांना दोन मिलिमीटर आणि मधे एक पूर्णांक आठ अशी तार मिळते. मधे बारीक म्हणजे कमजोर, असं कुणालाही वाटेल. उलट आहे. मधला बारीक भाग थोडा जास्त लांबतो, धक्का गिळतो, आणि डोक्याशी असलेल्या वळणावर कमी ताप येतो. सपाट रस्त्यावर हा फरक कळणार नाही. लादलेल्या सायकलला कळतो.

दाभोळला वाशिष्ठीची खाडी. कधीकाळी आदिलशाहीतलं हे मोठं बंदर होतं. आता मोटारी, टेंपो आणि आम्ही फेरीबोटीनं पलीकडे धोपाव्याला उतरलो, की गुहागर. गुहागरच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत तासभर पाय पसरून पुढे वेळणेश्वरकडे निघालो. पालशेत मागे पडलं आणि पहिल्याच उभ्या चढावर पुतण्याच्या मागच्या चाकातून ‘टंग’ असा आवाज आला. मग दर फेरीला ब्रेकच्या गुटक्याला रिम घासू लागली.

त्याचं चाक तयार, मशीननं बांधलेलं, बत्तीस तारांचं. तार तुटली होती ती चेनच्या बाजूची. मागच्या चाकाची तार तुटते तेव्हा बहुतेकदा हीच बाजू असते. या बाजूला कॅसेट, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच, बसवायला जागा हवी, म्हणून इकडच्या तारा जवळजवळ उभ्या असतात. रिम मधोमध राहावी म्हणून इकडचा ताण जास्त ठेवावा लागतो. डाव्या बाजूच्या तारा जास्त तिरप्या, त्यांचा ताण उजव्याच्या निम्म्याच्या थोडा वर. म्हणजे उजवीकडे ओढ जास्त आणि डावीकडे ढिलेपणाचा धोका, अशी दोन्हीकडून पंचाईत. आणि तुटलेली तार बदलायची तर आधी कॅसेट काढावी लागते.

ब्रेक मोकळा करून सायकल ढकलत पुढच्या गावाच्या नाक्यावर गेलो. तिथे एक दुकान होतं. दारात तीन मोटारसायकली, आत भिंतीला टायर टांगलेले, आणि एका खिळ्यावर तारांचा जुडगा. दुकानातले दादा साठीच्या घरातले असावेत. आता बरंचसं काम मोटारसायकलींचं, सायकली शाळकरी मुलांच्या तेवढ्या येतात, असं ते म्हणाले. पुतण्याच्या सायकलभोवती एक फेरी मारली, चाक हातानं फिरवलं, आणि विचारलं, “कॅसेटचा पाना आहे का तुमच्याकडे? माझ्याकडचा याला नाही बसायचा.”

पाना आमच्याकडे होता. खिळ्यावरच्या तारा मात्र या चाकाला लांबीनं जुळणाऱ्या नव्हत्या, कारण आपल्या साध्या काळ्या सायकलची रिम मोठी आणि तिच्या तारा लांब. आमच्या सुट्या तारा मागच्या फोर्कला चिकटपट्टीनं गुंडाळून ठेवलेल्या होत्या. दादांनी जुन्या चेनचा एक तुकडा कॅसेटच्या दातांवर गुंडाळून एका हातानं आवळून धरला. दुसऱ्या हातानं आमच्या पान्याला त्यांचा मोठा स्क्रू-पाना लावून एक हिसका दिला. कॅसेट सुटली. तुटलेल्या तारेचं डोकं हबच्या भोकातून खाली पडलं आणि पुतण्यानं ते पटकन उचललं.

ते त्यानं उन्हात धरलं. तुटलेल्या जागी दोन रंग होते. अर्धा भाग काळपट आणि गुळगुळीत, अर्धा चकचकीत, खडबडीत. “काका, हे ओझ्यानं तुटलेलं नाही. फटीग आहे. काळा भाग जुना, चीर कधीची पडलेली. शेवटचा अर्धा भाग आज सुटला.” चाकणला तो रोज असेच तुटलेले भाग तपासतो, पण स्वतःच्या सायकलच्या तारेकडे त्यानं असं कधी पाहिलं नव्हतं.

दादांना फटीग हा शब्द हवाच नव्हता. त्यांनी नवी तार भोकातून ओवली, आधीच्या दोन तारांच्या बाहेरून आणि तिसरीच्या आतून घातली, जरा वाकवून रिमपर्यंत नेली आणि निपलमध्ये फिरवली. मग चाक सायकलला लावून सायकल उलटी केली. ब्रेकचा गुटका रिमच्या अगदी जवळ आणला आणि चाक फिरवून आऊट, म्हणजे रिमचा डुलका, काढायला बसले. घासलं की थांबायचं, उजवीकडची तार पाव फेरा आवळायची, शेजारची डावी पाव फेरा सोडायची. पुन्हा फिरवायचं. बाजूचा आऊट निघाला, तेव्हा मला वाटलं काम झालं.

त्यांनी पाना खाली ठेवला आणि बोटानं एकेक तार छेडत गेले. उजवीकडच्या तारा बऱ्यापैकी एका सुरात वाजत होत्या. डावीकडे मात्र कुठे ‘टण’, कुठे ‘ठप्प’. एक तार तर वाजलीच नाही. “ही बघा,” ते म्हणाले. “चाक सरळ आहे म्हणजे ठीक आहे, असं नाही. एका तारेनं दुसरीचं काम केलंय. अशी सोडली तर पुढच्या घाटात आणखी एक जाईल.” मग त्यांनी उजव्या बाजूच्या सगळ्या तारा पाव-पाव फेरा आवळल्या, डाव्या बाजूच्या सुरानं जुळवल्या, आणि तारांच्या जोड्या दोन्ही मुठींत धरून करकचून दाबल्या. दाबताना ‘टिक-टिक’ आवाज आला. निपल फिरवताना तार पिळली जाते. तो पीळ रस्त्यावर सुटण्याऐवजी इथेच सुटलेला बरा. शिवाय तारेचं डोकं हबमध्ये नीट बसतं. पुस्तकांत याला पानंच्या पानं दिली आहेत. दादांनी ते हातानं केलं आणि पुन्हा आऊट तपासला.

मी त्यांना विचारलं, “मी स्वतः चाक बांधावं म्हणतोय. जमेल?”

“बांधायला काय, कुणीही बांधेल,” ते म्हणाले. “तारा भरायला डोकं लागत नाही, मोजता आलं पाहिजे. ताण सारखा ठेवायला वेळ लागतो. तुम्हाला वेळ आहे का, ते बघा.”

हेडवीवरून तवसाळला आलो, बोटीनं शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगडला उतरलो. पुढे केशवसुतांचं मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारेचा समुद्राला लागून जाणारा रस्ता, रत्नागिरी. त्या सगळ्या वाटेवर दादांचं बोलणं मी मनात घोळवत होतो. तारा भरायला मोजता आलं पाहिजे, हे खरंच आहे. छत्तीस तारांचं चाक म्हणजे नऊ-नऊ तारांचे चार गट. हबच्या उजव्या कडेतून, एक भोक सोडून एक, नऊ तारा ओवायच्या आणि रिमच्या दर चौथ्या भोकात न्यायच्या. मग डाव्या कडेच्या नऊ. हब हातानं फिरवला की तारा तिरप्या होतात. उरलेल्या अठरा उलट्या दिशेनं जातात, प्रत्येक तार तीन तारांना छेदते, पहिल्या दोघींच्या बाहेरून आणि तिसरीच्या आतून. व्हॉल्वचं भोक अशा दोन तारांच्या मधे यावं की पंप लावायला जागा राहील. एकदा मोजणी चुकली नाही, की चाक डोळ्यांसमोर जमून येतं.

तारेची लांबी ठरवणं हे खरं जोखमीचं काम. हबच्या कडेवरच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या रेषेपासून दोन्ही कडांचं अंतर, आणि रिममधे निपल जिथे बसतो तिथपर्यंतचा आतला व्यास, हे आकडे लागतात. रिमचा आकडा कंपनीच्या कागदावरून उचलू नये, स्वतः मोजावा: दोन जुन्या तारांना निपल लावून त्या रिमच्या समोरासमोरच्या भोकांत घालायच्या आणि दोन्ही तारांच्या लांबीत मधलं अंतर मिळवायचं. पुढचा हिशोब फोन करून देतो. मागच्या चाकाच्या दोन बाजूंच्या तारा सारख्या लांबीच्या निघत नाहीत. उजवीकडच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरनी आखूड असतात. तारेच्या आट्या इंचाला छप्पन्न. म्हणजे निपलचा एक पूर्ण फेरा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, ०.४५ मिलिमीटर. आट्यांच्या जोरावर थोडीफार चूक झाकता येते. तार तीन मिलिमीटर आखूड असेल तर मात्र निपलला पुरेशी पकड मिळत नाही.

पावस, पूर्णगड, जैतापूर, मग विजयदुर्ग. देवगडच्या सड्यावर हापूसच्या बागा, पवनचक्क्यांची पाती, आणि समोरून येणारा असा वारा की उतारावरही पेडल मारावं लागलं. या वाऱ्यात पुतण्या वाद जिंकायच्या तयारीनं बोलू लागला. रोज मुक्कामाला पोचल्यावर आता तो सगळ्या तारा छेडून बघत असे. तो म्हणाला, “दादांनी मशीनला नावं ठेवली नाहीत. त्यांनी एवढंच केलं, की मशीननं अर्धवट सोडलेलं काम पुरं केलं. मग मी तयार चाक घेऊन ते पुरं का करू नये?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो बरोबर होता. कारखान्यातलं मशीन बघता बघता चाक सरळ करतं. पण स्वस्त चाकाला ताण कमी आणि असमान राहतो, कारण तो नीट करायला माणसाचा वेळ लागतो आणि वेळ महाग असतो. चाक चांगलं असतं ते पुरेशा आणि सारख्या ताणानं. तो ताण कुणी दिला, यानं चाकाला काही फरक पडत नाही. हौसेनं बांधलेलं, पण ढिलं चाक हे मशीनच्या चाकाहून वाईट. कानावर विश्वास नसेल तर ताण मोजायचं मीटरही मिळतं. पार्क टूल कंपनीचं टीएम-१ सायकलवाल्यांत ओळखीचं आहे. पुतण्यानं ते मागवायचं ठरवूनही टाकलं. इंजिनिअर शेवटी मोजमापावरच येतो.

माझा मुद्दा यानं निम्मा झाला, पण संपला नाही. तयार चाकात रिम, हब आणि तारा ज्या आहेत त्या आहेत. आपल्याकडे दुकानात मिळणारी तयार चाकं बहुतेक शहरात फिरणाऱ्यांसाठी किंवा हौशी शर्यतवाल्यांसाठी असतात: अठ्ठावीस-बत्तीस तारा, हलकी रिम. लादलेल्या सायकलच्या मागच्या चाकाला छत्तीस तारा आणि जाड, रुंद रिम हवी. ही जोडी तयार सापडली नाही, तर बांधण्यावाचून इलाज नाही. ब्रेक रिमवर घासणारा असेल तर आणखी एक गोष्ट आहे. कोकणातला तांबडा चिखल ब्रेकच्या गुटक्यात बसतो आणि रिम खरवडून काढतो. रिम झिजली की तयार चाकवाला पूर्ण चाक बदलतो. बांधता येणारा माणूस तशीच नवी रिम जुनीला चिकटपट्टीनं जोडतो, एकेक तार जुनीतून काढून नवीत घालतो, आणि हब-तारा तशाच ठेवतो. हब चांगला असेल तर तो कित्येक रिमा पाहतो.

मालवण, परुळे, वेंगुर्ले करत रेडीला आलो. तिथून तेरेखोल. किल्ला नदीच्या अलीकडे, पण हद्द गोव्याची. फेरीबोटीच्या धक्क्यावर सायकली टेकवून आम्ही चहा घेतला आणि वाद मिटवला. पुतण्याच्या चाकानं गुहागरनंतर एकही तक्रार केली नव्हती. माझ्या चाकाचा आऊट किंचित वाढला होता, तो मी तिथेच पाव फेऱ्यात काढला.

ठरलं ते असं. पुढचं चाक विकत घेणार. त्याच्यावर भार कमी, कॅसेट नाही, दोन्ही बाजूंच्या तारांच्या ताणात फारसा फरक नाही. चांगलं बत्तीस तारांचं तयार चाक घेऊन, ताण तपासून घेतला की पुरतं. मागचं चाक मी बांधणार: छत्तीस तारा, तीन छेद, स्टेनलेस तारा, पितळी निपल. लेहला जायच्या पुष्कळ आधी बांधणार आणि सामान लादून सिंहगड, पाबे घाट, वरंध असं फिरवणार, म्हणजे जे काही ढिलं व्हायचं ते घराजवळ होईल. पुतण्या तयार चाक घेणार आणि मीटरनं स्वतः जुळवणार. दोघंही आपापल्या परीनं बरोबर आहोत, असं मला आता वाटतं.

तुम्हालाही हाच प्रश्न पडला असेल तर आधी कॅलेंडर बघा. महिन्याभरात निघायचं असेल तर चाक बांधायला बसू नका. सापडेल ते दणकट तयार चाक घ्या, चांगल्या मेकॅनिककडून सगळ्या तारांचा ताण सारखा करून घ्या, सामान लादून एक-दोन रविवार चालवा आणि पुन्हा आऊट काढून घ्या. हातात पाच-सहा महिने असतील, संध्याकाळी निवांत बसायची सवय असेल, तर एक चाक नक्की बांधा. अनुभवी माणूस ते तासाभरात करतो, तुम्हाला अख्खा रविवार लागेल. खास स्टँड नसला तरी चालतं. उलटी सायकल, ब्रेकचा गुटका आणि योग्य मापाचा तारेचा पाना एवढ्यावर भागतं. रिम मधोमध आहे का हे पाहायला चाक काढून उलटं लावून बघायचं.

दोन्हींपैकी काहीही केलंत, तरी एक गोष्ट टाळू नका. निघण्याआधी घरी, कुणी घाई करत नसताना, मागच्या चाकाची कॅसेट एकदा स्वतःच्या हातानं काढा, चेनच्या बाजूची एक तार सोडून काढून परत घाला आणि चाक सरळ करा. ते जमलं की सायकलला तीन मापांच्या तारा बांधा: मागच्या उजवीच्या, मागच्या डावीच्या आणि पुढच्या. सोबत पाना आणि कॅसेटचं अवजार ठेवा. एवढी तयारी असेल, तर चाक कुणी बांधलं याला फार महत्त्व नाही. ती नसेल, तर जगातलं उत्तम चाकही लेहच्या रस्त्यावर नेऊ नका.